पहिला घास कडू
(कोलकात्याच्या वसंतातल्या स्वयंपाकावरील पुस्तकाची प्रस्तावना)

लग्न होऊन कोलकात्याला आले त्याच वर्षीची गोष्ट. गुढीपाडव्याला मी गॅलरीत गुढी उभारली आणि माहेरच्या पद्धतीने कडुनिंबाची चटणी केली. कोवळी पानं, थोडा मोहोर, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, चिंच, ओवा, हिंग, मीठ. बोराएवढ्या गोळ्या वळून घरातल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवल्या. दोन गोळ्या वाटीत घालून शेजारच्या माशीमांना, म्हणजे मावशींना, नेऊन दिल्या. त्यांनी एक सावकाश खाल्ली, मान डोलावली आणि विचारलं, "बौमा, छान झालंय. पण आजच का? महिनाभर कुठे होता तुमचा नीम?"

मला उत्तर देता आलं नाही. बंगाली महिने सौर. त्यांचा फाल्गुन फेब्रुवारीच्या मध्याला लागतो आणि चैत्र मार्चच्या मध्याला. माशीमांच्या घरी फाल्गुनापासून दुपारच्या जेवणाचा पहिला घास कडुनिंबाचाच असायचा, अगदी पोयला बोइशाख, म्हणजे बंगाली नववर्ष, येईपर्यंत. त्यात सण नव्हता, व्रत नव्हतं, प्रसाद नव्हता. भाताच्या ढिगाशेजारी चिमूटभर हिरवी-काळी कुरकुरीत पानं, एवढंच.

हे पुस्तक त्या एका प्रश्नातून निघालं आहे. आपण मराठी माणसांनी कडूला सणाचा मान दिला. बंगाल्यांनी त्याला रोजच्या ताटात पहिली जागा दिली. एवढी वर्षं दोन्ही स्वयंपाकघरांत वावरल्यावर माझं मत झालं आहे, की ऋतूचं खाणं सणामुळे टिकत नाही. सणाला बांधलेली गोष्ट वर्षातून एकदा भेटते, मग तिचा आकार लहान होत जातो, आणि शेवटी जिभेला लावण्यापुरती उरते. आज किती घरांत पाडव्याला चटणी होते आणि किती घरांत एक पान चावून पाणी पितात, हे ज्याचं त्यानं आठवून पाहावं. कोकणात शेवग्याच्या पाल्याची भाजी गोकुळाष्टमीला हटकून होते, पण एरवी झाड दारात असूनही पाला कुणी खुडत नाही. बंगालचा वसंत जेवणाच्या क्रमात जाऊन बसला, म्हणून तो टिकला.

हा क्रम नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढच्या सगळ्या पाककृती त्यावर उभ्या आहेत. आपलं ताट एकदम वाढलं जातं. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भात, आणि जेवणारा हवं तिकडे हात घालतो. बंगाली जेवण एकामागून एक येतं. आधी तेतो, म्हणजे कडू. मग डाळ आणि भाजा, म्हणजे तळलेलं काही. मग तरकारी, मग मासा, मग आंबट-गोड चटणी, शेवटी दही-मिठाई. कडवट पदार्थ आणि पालेभाज्या फक्त दुपारी. रात्री ते वाढत नाहीत. ठाकूर घराण्यातल्या प्रज्ञासुंदरी देवींनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'आमिष ओ निरामिष आहार' हा पाकग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनी जेवणातल्या पदार्थांच्या यादीसाठी एक शब्द घडवला होता: क्रमणी. यादीला क्रमाचं नाव द्यावंसं वाटलं, यातच सगळं आलं.

आता नीम-बेगुन, म्हणजे कडुनिंब आणि वांगं. पुस्तकातली सर्वांत लहान पाककृती ही आहे आणि सर्वांत जास्त वेळा बिघडणारीही हीच. पानगळीनंतर कडुनिंबाला पहिली पालवी फुटते ती तांबूस असते, बोटांत धरली तर जवळजवळ ओलसर लागते. तीच हवी. पान हिरवं होऊन ताठ झालं की त्याचा कडूपणा घशाला लागतो. पानं धुऊन कापडावर पूर्ण कोरडी करायची. वांग्याच्या लहान चौकोनी फोडींना मीठ-हळद चोळून ठेवायचं. मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवून आंच कमी करायची, त्यात पानं टाकायची आणि ती काळपट-कुरकुरीत झाली रे झाली की झाऱ्याने काढून घ्यायची. एक श्वास जास्त झाला तर जळकी चव येते. मग त्याच तेलात वांगं तळायचं. तेलात पानांचा कडूपणा उतरलेला असतो, तो वांगं पिऊन घेतं आणि मऊ करतं. शेवटी पानं हाताने चुरडून वांग्यावर घालायची, गरम भातात कालवायची. लसूण नाही, जिरं नाही, मिरची नाही. मी सुरुवातीला सवयीने लसणाची फोडणी दिली होती. माशीमांनी ती खाल्ली, पण "याला नीम-बेगुन म्हणू नकोस" असं स्वच्छ सांगितलं.

कडूच का, आणि याच दिवसांत का, याचं उत्तर बंगाली भाषेतच आहे. मराठीत ज्या रोगाला आपण देवी म्हणत आलो, त्याचं बंगाली नाव बसंत. ऋतूचं आणि रोगाचं नाव एकच. कांजिण्यांना आजही जलबसंत म्हणतात. थंडी सरून उकाडा सुरू होतानाच्या या दिवसांत घरोघरी अंगावर फोड उठत, शीतला देवीचा कोप म्हणून माणसं हात जोडत, आणि आजाऱ्याच्या उशाशी कडुनिंबाची डहाळी ठेवत. आपल्याकडे 'देवी आल्या' म्हणत, इकडे 'मायेर दया', आईची दया झाली, म्हणत. दोन्ही भाषांनी भीतीपोटी त्या रोगाला आदराचंच नाव दिलं. कडुनिंबाने देवी टळत नव्हत्या. त्या लशीने गेल्या. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, आणि १९८० साली साऱ्या जगातून देवी हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. रोग गेला, पण पान ताटातून उठलं नाही. जीभ तोवर त्या चवीची झाली होती.

शुक्तो हा कडूचाच दुसरा, अधिक सौम्य अवतार. कच्ची केळी, वांगं, रताळं, शेवग्याच्या शेंगा, कारलं आणि उडदाच्या डाळीच्या बोड्या, म्हणजे आपले सांडगे. कारलं आणि सांडगे आधी वेगवेगळे तळून बाजूला ठेवतात. फोडणीत पाँचफोडन, वाटणात मोहरी, आलं आणि राँधुनी नावाचा ओव्याच्या जातीचा बारीक सुवासिक दाणा. हळद नाही, तिखट नाही. शेवटी थोडं दूध आणि चमचाभर तूप. दूध आणि कारलं एकत्र हे वाचून मराठी वाचक दचकेल, पण करून पाहा. कडूपणा मागे सरकतो आणि भाजीभाजीची चव वेगळी कळते. चैतन्य महाप्रभूंच्या चरित्रात, चैतन्यचरितामृतात, एक हकिगत आहे. कोलकात्याच्या उत्तरेला गंगाकाठी पानिहाटी म्हणून गाव आहे. तिथल्या राघव पंडितांची बहीण दमयंती दरवर्षी जगन्नाथपुरीला चैतन्य महाप्रभूंसाठी खाण्याच्या थैल्या भरून पाठवत असे. लाडू, लोणची, नाना प्रकारचा सुका खाऊ, आणि त्यातच सुकवलेल्या कडू पाल्याची शुकुता. प्रभू पुरीत जड प्रसाद खातात, त्यांचं पोट बिघडू नये, ही तिची काळजी. महाप्रभूंचा जन्म १४८६ सालच्या फाल्गुनी पौर्णिमेचा, ऐन वसंतातला. ज्यांना सगळं जग मिठाई वाहत होतं त्यांना एका बाईने कडू पाला पाठवला, आणि ग्रंथकाराने तो पदार्थ विसरू दिला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

इथे एका फरकाकडे लक्ष वेधते. आपल्या रानभाज्या पावसाळ्याच्या. टाकळा, कुर्डू, शेवळं, भारंगी: मृगाच्या सरींनंतरच सह्याद्रीचे उतार हिरवे होतात. फाल्गुन-चैत्रात आपलं माळरान तडकलेलं असतं, म्हणून आपला वसंत पानांपेक्षा फळांचा झाला: कैरी, फणसाची कुयरी, करवंदं, जांभळं. बंगालचा दक्षिण भाग नद्यांच्या गाळाचा. तिथे प्रत्येक वाडीला तळं आहे आणि तळ्याचा काठ मार्चमध्येही ओला असतो. त्या ओल्या काठावर पाला उगवतो. कलमी म्हणजे आपली नाळीची भाजी, पुई म्हणजे मयाळू, बेथो म्हणजे चाकवत, पाट म्हणजे तागाचा कोवळा पाला. शिवाय हिंचे, गिमे, थानकुनी, कुलेखाडा, ज्यांना आपल्या बाजारात कुणी विचारत नाही. यातले हिंचे आणि गिमे चवीला कडवट, म्हणून मान मोठा.

हा पाला शहरात येतो कसा, ते पाहायचं तर पहाटे बालीगंज स्टेशनच्या बाहेर उभं राहावं. कॅनिंग, लक्ष्मीकांतपूर, डायमंड हार्बर या बाजूंच्या लोकल गाड्यांतून बायका उतरतात. डोक्यावर बोचकं, कमरेला पाण्याची बाटली, पायात कधी चप्पल असते, कधी नसते. गडियाहाटच्या पदपथावर प्लास्टिकचा कागद पसरून त्या बसतात आणि बोचक्यातून एकेक जुडी काढून मांडतात. दुकानात मिळणारी कोबी-फुलकोबी त्यांच्याकडे नसते. त्यांच्याकडे घराच्या मागच्या अंगणात, तळ्याच्या बांधावर, रेल्वेच्या कडेला उगवलेलं असतं: दोन केळफुलं, केळीच्या गाभ्याचे चार तुकडे, ओंजळभर शेवग्याची फुलं, कडुनिंबाची पालवी, हिंच्याच्या आठ-दहा जुड्या. जवळ गेलात तर दिसेल की प्रत्येक जुडी गवताच्या काडीने किंवा केळीच्या सोपटाने बांधलेली असते आणि प्रत्येकीची गाठ वेगळी असते. कोणती भाजी कशात घालायची, कशाबरोबर घालायची नाही, हे विचारलं तर त्या सांगतात, तेही गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना. या पुस्तकातल्या निम्म्या पाककृतींचा पहिला धडा मला तिथे मिळाला. परतीची लोकल गाठायला त्या नऊ-दहाच्या सुमारास उठून जातात. कोलकात्याचा ग्रामीण स्वयंपाक जिवंत आहे तो या बायकांच्या पायांवर, आणि हे मी कृतज्ञतेने नोंदवते.

शहराच्या पूर्वेची पाणथळही इथे सांगायला हवी. कोलकात्याचं सांडपाणी या उथळ तळ्यांत जातं, ऊन आणि शेवाळ ते निवळवतात, त्यात मासे वाढतात, आणि धापा या भागातल्या शेतांत त्याच पाण्यावर भाजी पिकते. सुमारे १२,५०० हेक्टरांचा हा पट्टा २००२ साली पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने जन्मभर या पाणथळीची बाजू मांडली. ते २०१८ साली गेले. आज कडेकडेने तळी बुजतात, इमारती उठतात. ज्या दिवशी हे पाणी जाईल त्या दिवशी शहराच्या ताटातला ताजा मासा आणि स्वस्त पाला दोन्ही जातील. मग पाककृतींची पुस्तकं छापून काय उपयोग?

शेवगा बंगालात तीनदा खाल्ला जातो म्हटलं तरी चालेल. आधी फूल, मग कोवळी काडीसारखी शेंग, मग चैत्रातली भरलेली डाँटा. फुलं पांढरी, किंचित पिवळसर, वासाला मधाळ आणि चवीला अगदी शेवटी कडवट. ती बटाट्याबरोबर खसखशीच्या वाटणात परततात किंवा डाळीच्या पिठात घालून बोडे तळतात. कोकणातही शेवग्याच्या फुलांची भाजी होते, पण कांदा आणि ओलं खोबरं घालून. दोन्ही करून पाहाव्यात. मला विचाराल तर खोबऱ्यात फूल हरवतं, खसखशीत ते बोलतं.

एँचोड म्हणजे कोवळा फणस, आपली कुयरी. तिला इकडे 'गाछ-पाँठा' म्हणतात, झाडावरचा बोकड. गरम मसाला, आलं, तूप घालून एँचोडाचा डालना, म्हणजे रस्सा, नीट जमला तर हे नाव खोटं वाटत नाही. घरात कोळंबी खाणारे असतील तर थोडी कोळंबी पडते. चिरताना हाताला आणि विळीला तेल लावायचं, कोकणात खोबरेल, इथे मोहरीचं. चीक मात्र दोन्हीकडे सारखाच चिकट. डालना करताना मी एकदा कोकणातल्या सवयीने कुयरी आधी उकडून, ठेचून घेतली. माझ्या सासरच्या ओळखीतल्या एका काकींनी ती पाहून विचारलं, "हिला मारलीस कशाला?" बंगाली पद्धतीत फोड अखंड राहिली पाहिजे, दाताखाली तिची शीर लागली पाहिजे. हा वाद मी सोडवलेला नाही. दोन्ही पाककृती पुस्तकात आहेत.

वसंताची सुरुवात मात्र बंगालात सरस्वतीपूजेने होते, म्हणजे माघातल्या पंचमीला. त्या दिवसापर्यंत बोर तोंडात घालायचं नाही, विद्या जाते अशी पोरांची समजूत. आपण संक्रांतीलाच बोरं खाऊन मोकळे होतो, बाळाला बोरन्हाण घालतो. इकडच्या मुलांना ते ऐकून फार हेवा वाटतो. पूजेच्या दुसऱ्या दिवशी, शीतलषष्ठीला, पश्चिम बंगालच्या जुन्या घरांत चूल पेटत नाही. पाटा-वरवंटा धुऊन, हळदीच्या पाण्यात भिजवलेलं पिवळं फडकं पांघरून त्याला विसावा देतात. आदल्या रात्री गोटा-सेद्ध करून ठेवलेलं असतं: अख्खे मूग, अख्खे छोटे नवे बटाटे, अख्खी छोटी वांगी, घेवड्याच्या अख्ख्या शेंगा, मटार, रताळी, पालकाचे कोवळे शेंडे. षष्ठी म्हणून मुगांबरोबर सहा भाज्या, त्याही सहा-सहा. एकही गोष्ट चिरायची नाही. हे थंडच खायचं. थंडीच्या भाज्यांची ती शेवटची पंगत असते, आणि तिथून पुढे ताट बदलतं. मराठी वाचकाला लगेच शिळासप्तमी आठवेल. आपली श्रावणात, त्यांची माघात, पण देवी शीतला तीच, न पेटलेली चूल तीच. पूर्व बंगालातून आलेल्या घरांत हे नसतं; ते सरस्वतीपूजेला इलिश माशांची जोडी आणतात, तिला हळदकुंकू लावून घरात घेतात.

मधल्या छोट्या गोष्टी भराभर सांगून पुढे जाते. दोलपौर्णिमेला इथे साखरेचे साच्यातले मठ मिळतात, देवळाच्या शिखरासारखे, गुलाबी-पिवळे. आपल्या साखरेच्या गाठींचे ते चुलतभाऊ. चैत्रात अशोकषष्ठीला बायका अशोकाच्या कळ्या गिळतात. चैत्रसंक्रांतीला सातूचं पीठ खातात. कैरी आली की मसुरीच्या डाळीत पडते, ती टक-डाल. आणि भाजलेल्या कैरीचं सरबत, आपलं पन्हंच, फक्त त्यात वेलदोड्याऐवजी भाजलेलं जिरं आणि काळं मीठ. आपल्या चैत्रगौरीच्या आंबेडाळीची पाककृती मी टक-डालच्या समोरच्या पानावर मुद्दाम छापली आहे.

चिरण्याविषयी मात्र थांबून सांगायला हवं. बोंटी म्हणजे आपली विळीच. बंगालीत भाजी चिरण्याला 'कुटनो कोटा' असं स्वतंत्र कामाचं नाव आहे, आणि पदार्थाचं नाव पुष्कळदा मसाल्यावरून नाही, तर चिरण्या-शिजवण्यावरून पडतं. बारीक चिरून थोड्याशा फोडणीवर परतली तर छेंचकी. लांब तुकडे, अंगच्या रसात पाणी आटेपर्यंत शिजवले तर चच्चडी. मोडून एकजीव केली तर घोंटो. फोडी तळून रस्सा केला तर डालना. तोच भोपळा, तीच शेंग, चार आकार, चार नावं, चार चवी. हे मराठीत आणताना मी आधी सगळ्याला 'भाजी' लिहिलं होतं. मग लक्षात आलं की आपण तो फरकच पुसतो आहोत, म्हणून मूळ नावं तशीच ठेवली.

ही इतकी बारीक कला घडवली कुणी? याचं उत्तर सुखाचं नाही. बंगाली घरांतल्या विधवांनी. त्यांना मासा वर्ज्य, मांस वर्ज्य, कांदा-लसूण वर्ज्य, मसुरीची डाळसुद्धा वर्ज्य. दिवसातून एकदाच भात, एकादशीला अनेकींना पाणीही नाही, तेही बंगालच्या उन्हाळ्यात. विद्यासागरांच्या खटपटीने १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, पण कायदा चुलीपर्यंत पोहोचायला पिढ्या लागल्या. आठव्या-दहाव्या वर्षी विधवा झालेल्या मुली साठी-सत्तरीपर्यंत वेगळ्या चुलीवर रांधत राहिल्या. जे उरलं त्यात त्यांनी चव शोधली: केळीचा गाभा, भोपळ्याची फुलं, दुधीची साल, तळ्याकाठचा पाला. घरातले मासे खाणारे पुरुष आणि मुलं त्या निरामिष चुलीभोवती घुटमळत आणि वाटीभर मागून नेत. आपल्याकडच्या सोवळ्यातल्या आजींचं आयुष्य याहून फार वेगळं नव्हतं. या पदार्थांचं कौतुक करताना त्यांच्यामागच्या उपाशी एकादशी विसरणं मला अन्यायाचं वाटतं. पदार्थ घ्यावेत, पण ज्या रूढीने ते घडवायला लावले तिला 'साधेपणा' असं गोंडस नाव देऊ नये.

फाळणीनंतरही असंच झालं. पूर्व बंगालातून आलेली माणसं बिजयगड, जादवपूर या भागांत वसाहती करून राहिली. आधी तंबू, मग दर्मा म्हणजे बांबूच्या तट्ट्यांची घरं. त्यांच्या स्वयंपाकात सालीला साल म्हणून टाकणं नव्हतंच. दुधीची साल तळून, कच्च्या केळीची साल उकडून लसूण-मिरचीबरोबर वाटून, फ्लॉवरचे दांडे चच्चडीत. आज हेच पदार्थ मोठ्या हॉटेलांत चांदीच्या वाट्यांत येतात. खाऊ नयेत असं नाही, पण ते कुठून आले हे माहीत असावं.

इटलीत अशाच स्वयंपाकाला 'कुचिना पोवेरा', गरिबांचं रांधणं, असं नाव आहे, आणि त्याचाही खरा बहर वसंतातच असतो. रोमच्या आसपास फावा नावाचे पावट्यासारखे कोवळे दाणे, मटार आणि आर्टिचोक एकत्र शिजवून विन्यारोला करतात. एक मेला फाव्याचे कोवळे दाणे सोलून कच्चेच मेंढीच्या दुधाच्या चीजबरोबर खातात. वायव्येच्या लिगुरियात बायका रानातला कडवट पाला वेचून त्याची मिसळ करतात. कडू चिकोरी तर सगळ्या देशातच प्रिय. पेलेग्रिनो आर्तुसी या सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाने १८९१ साली फ्लॉरेन्समध्ये स्वतःच्या खर्चाने पाकग्रंथ छापला आणि पुढे घराघरांत तो पोहोचला. कोलकात्यात त्याआधी साठ वर्षं, १८३१ मध्ये, 'पाकराजेश्वर' छापून झालं होतं. १८८० च्या दशकात बिप्रदास मुखोपाध्यायांचं 'पाकप्रणाली' आलं. आपल्याकडे लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० सालचं आणि कमलाबाई ओगलेंची 'रुचिरा' १९७० ची. 'रुचिरा'ने किती जणींना परगावात सावरलं याला गणती नाही. माझ्या ट्रंकेतही ती होतीच. पण ऋतूच्या क्रमाने लावलेलं मराठी पाकपुस्तक मला हवं होतं आणि ते हाती लागलं नाही.

मराठी माणसाचं बंगालशी नातं सुरुवातीला चांगलं नव्हतं, हेही मनमोकळेपणाने लिहायला हवं. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने इंग्रजांनी कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला. बागबाजारात मराठा डिच लेन अजून आहे. उभं पीक आणि भरलेलं कोठार लुटणारे बर्गी म्हणून आपण इथल्या अंगाईगीतात राहिलो. मी मराठी आहे कळल्यावर भाजीवाल्या मावशीने डोळे मोठे करून "बोर्गी?" म्हटलं होतं आणि मग हिंच्याची एक जुडी वर घातली होती. पुढे सखाराम गणेश देऊस्करांसारखा मराठी घरातला लेखक बंगालीत 'देशेर कथा' लिहून स्वदेशीच्या पिढीचा आवडता झाला. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात आजही मराठी बोलणारी माणसं जमतात. ज्यांचं धान्य आपल्या स्वारांनी कधी लुटलं, त्यांनी मला आपला पाला ओळखायला शिकवला. या पुस्तकाच्या रूपाने त्या ऋणातली मूठभर परतफेड व्हावी अशी इच्छा आहे.

आता वाचकांना दोन विनंत्या. पहिली म्हणजे, पुस्तक पहिल्या पानापासून करायला घेऊ नका. जो महिना चालू असेल ते प्रकरण उघडा आणि बाजारात आधी जाऊन या. राँधुनी मिळाली नाही तर चिमूटभर ओवा चालेल. मोहरीच्या तेलाला मात्र पर्याय नाही, ते घ्याच. दुसरी विनंती मनापासूनची आहे. तुमच्या घरात अजून एखादी आजी, आत्या किंवा मामी असेल जिला कुयरी कधी झाडावरून काढायची, केळफुलातला कोणता दांडा टाकायचा, शेवग्याची फुलं किती परतायची हे ठाऊक आहे, तर तिच्याजवळ वही घेऊन बसा. 'अंदाजाने' असं ती म्हणेल, तेव्हा तिच्या मुठीतला जिन्नस वाटीत घेऊन मोजा आणि लिहा. महिना लिहा, गाव लिहा.

आणि शेवग्याचं झाड जवळपास असेल तर फाल्गुनात सकाळी लवकर त्याच्याखाली जा. फुलं रात्री गळतात. उन्हं चढायच्या आत वेचली तर ताठ असतात. दुपारनंतर ती भाजीच्या उपयोगाची राहत नाहीत.